ब्रेक दगड झाला होता आणि मी मास्टर सिलिंडरचे पैसे मोजले

माझ्याकडे 2004 ची फोर व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे. घर आजऱ्यात, काजूची बाग खाली सावंतवाडीच्या अंगाला, त्यामुळे आंबोली घाट आठवड्यातून एकदा तरी उतरावाच लागतो. मार्चपासून ब्रेकला पाय जड लागायला लागला. पेडल खाली जात नव्हतं, उलट दगडावर पाय दिल्यासारखं कडक. सगळा जोर लावला की गाडी थांबायची, पण जिथं थांबायला हवी तिथून पुढं दोन गाड्यांच्या अंतरावर.

कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. मालकानं एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "पाव्हणं, गाडी म्हातारी झालीया. मास्टर सिलिंडर गेलाय, मागचं लायनर संपल्यात, पुढचं पॅडबी घालूया. ब्रेकशी खेळ नको." हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर घासाघीस करायला कुणाची जीभ उचलते? शेजारी बसलेली बायकोच म्हणाली, घालून टाका.

बिल झालं 14,600. त्यात नवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) 3,200 चा, पुढच्या डिस्कला धरणारे पॅड, मागच्या ड्रमला आतून घासणारे लायनर, चारही चाकांचं ब्रेक ऑइल आणि मजुरी. पावती वहीच्या फाडलेल्या कागदावर. जुने पार्ट मागितले तर म्हणे, "सकाळीच भंगारवाला घेऊन गेला."

सपाट रस्त्यावर ट्रायल दिली तेव्हा पेडल छान वर आलेलं, पाय टेकताच पकड. मी खूश. ही खरी हातचलाखी होती, ती मला नंतर कळली. मागचे लायनर इतके टाईट अ‍ॅडजस्ट केले होते की ते ड्रमला घासतच होते. असं केलं की पेडल वरच पकडतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं ब्रेक नवा झाला. मूळ दुखणं जिथल्या तिथं, वर ड्रम तापण्याची सोय.

दोन दिवसांनी आंबोलीत निम्मा घाट उतरल्यावर जळका वास आला. मग कडक पेडल दाबूनही गाडी धरेना. हँडब्रेक त्याच तापलेल्या मागच्या ड्रमवर, त्याचा काय उपयोग? गिअर उतरवत पहिल्यावर आणली आणि डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घालून थांबवली. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त भीतीदायक होतं. बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतणार होतो, तेवढ्यात मागून आलेला ट्रकवाला ओरडला, "ओतू नका, तडकंल!" तासभर माकडं बघत बसलो.

आजऱ्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारलं, "पाय खाली जातोय का वरच अडतोय?" हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबायला लावलं, शेवटी पाय दाबूनच ठेवायला सांगितला आणि म्हणाले, आता स्टार्टर मारा. पायाच्या जोराला मदत करणारा डबा म्हणजे बूस्टर, तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतो. त्याला ती ओढ मिळत असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं. माझं जागचं हललं नाही.

पेट्रोल गाडीत ही ओढ इंजिनच्या हवा आत घेणाऱ्या पाइपातून, मॅनिफोल्डमधूनच मिळते. आमच्या डिझेलला त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि तिथून एक रबरी पाइप बूस्टरला जातो. मिस्त्रींनी चालू इंजिनवर बूस्टरकडचं टोक काढून अंगठा लावला, ओढ नावालाच. पंपाकडचं टोक काढून पंपावर बोट ठेवलं तर चांगलीच ओढ. म्हणजे पंप ठीक, चोर मधल्या पाइपात. क्लिपच्या खालच्या बाजूनं, वरून दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर होती. नवा पाइप 240 रुपयांना.

मास्टर सिलिंडर गेला असता तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसलं असतं. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली असती तर स्पंजसारखं लागलं असतं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर आलं असतं. गाडी एका अंगाला ओढली असती तर एखादा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) जाम, किंवा सील गळून लायनरला अ‍ॅक्सलचं ऑइल लागलेलं. माझ्या लक्षणाचा मास्टर सिलिंडरशी काडीचा संबंध नव्हता आणि ते त्या मालकाला कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग मिस्त्रींनी तो "नवा" सिलिंडर स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला. चंदेरी रंगाखाली गंज, आणि बोल्टच्या कडेला आमच्या बागेतली तांबडी माती, रंगासकट वाळलेली. मागच्या चाकाचा निपल (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) सैल केला तर कोऱ्या चहासारखं ऑइल आलं. नवं फक्त वरच्या डबीत ओतलेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 चं ताजं ऑइल 205 अंशांच्या आत उकळत नाही, ओलावा धरलेलं 140 च्या आसपास उकळू शकतं, आणि पाइपात वाफ झाली की पेडल सरळ खाली. तापलेल्या ड्रमसोबत मी तेही घेऊन घाट उतरत होतो. लायनर आणि पॅड मात्र खरोखर नवे होते, खोटं कशाला बोलू.

सिलिंडर काढून पिशवीत घातला आणि परत कोल्हापूर गाठलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, हे वाचून गेलो होतो आणि तसं बोललोही. मालक शांतपणे म्हणाला, "कशाला एवढं? बघू पावती." त्यानं कागद घेतला, 3,200 रुपये मोजून माझ्या हातात ठेवले आणि कागदाचे चार तुकडे केले. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.