क्रॅपीसाठी फ्लाय रॉड की स्पिनिंग रॉड?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या भाच्याने विचारलं, मामा, क्रॅपीसाठी कुठला रॉड घेऊ? (क्रॅपी म्हणजे तिथला गोड्या पाण्यातला मासा, रॉड म्हणजे गळाची काठी.)

आधी पाण्याची खोली बघ. मार्च-एप्रिलमध्ये पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसवर आलं की क्रॅपी अंडी घालायला काठालगत येतात. तिथे ५ नंबरचा (मध्यम वजनाच्या दोरीचा) फ्लाय रॉड मला फार आवडतो; त्यात जड दोरीच्या जोरावर हलकी फ्लाय, म्हणजे पिसांचं बनावट आमिष, फेकतात. पांढरी, मऊ पिसांची फ्लाय त्यांच्या डोक्यावरून सावकाश बुडत जाते, आणि क्रॅपी बहुधा खालून वर येऊन घास घेतो. उन्हाळ्यात ते १५-२० फूट खाली जातात. तिथे जिग (शिशासारख्या जड डोक्याचा गळ) लावलेला हलका स्पिनिंग रॉडच बरा; त्यात दोरी रिळावरून सुटते आणि आमिषाच्या वजनाने लांब जाते.

स्पिनिंग स्वस्त, एका दुपारीत जमतो. फ्लायला सराव लागतो. क्रॅपीचे ओठ मात्र दोन्ही रॉडवर कागदासारखे फाटतात. हिसका देऊ नकोस, रॉड नुसता उचल.

मुलांना घेऊन बोटीतून जाणार असशील तर स्पिनिंग घे. वसंतात एकटाच काठाने फिरणार असशील तर फ्लाय.