टॅबवरचा नारिंगी ‘एम’ आणि आमचे ६,२०,६८० रुपये

कामगारांच्या प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर घेताना आम्ही फसलो, त्याचा आधी आकडा सांगते. १८० कामगार, माणशी वर्षाला ९०० रुपये, तीन वर्षांचे आगाऊ, म्हणजे ४,८६,०००. ‘सेटअप’चे ४०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९४,६८०. एकूण बिल ६,२०,६८० रुपये. भोसरीतल्या आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला ही रक्कम लहान नाही, आणि फाइलवर शिफारशीची सही माझी आहे.

कामगारांच्या प्रशिक्षणासाठी एलएमएस, म्हणजे कोर्स चालवणारं आणि त्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं, कारण आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला दरवर्षी तेच होतं: कोणाला काय शिकवलं, कधी, आणि त्याला ते आलं का, याची नोंद दाखवा. माझ्याकडे हजेरीचे कागद आणि अर्धवट एक्सेल. सॉफ्टवेअर विकणारा गृहस्थ आला तो सगळं ओळखूनच आला. म्हणाला, "मॅडम, हे आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, चार वर्षं खपून बनवलंय. आता कागद ठेवायची गरजच नाही."

डेमो चालू असताना ब्राउझरच्या टॅबवर एक छोटा नारिंगी ‘एम’ दिसत होता, डोक्यावर पदवीदानाची टोपी घातलेला. त्याच्या कंपनीच्या नावात ‘एम’ कुठेच नव्हता. मी विचारलंसुद्धा! "एम म्हणजे मॅनेजमेंट, मॅडम," म्हणाला. आणि मी मान डोलावली. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो टॅबच दिसतो. एवढं नजरेला पडलं होतं, तर घरी जाऊन पाच मिनिटं शोधायला काय झालं होतं मला?

अकरा महिन्यांनी एका सोमवारी साइट उघडेना. फोन बंद. पिंपरीच्या पत्त्यावर गेले तर तिथे झेरॉक्सचं दुकान. माझ्याकडचे जुने स्क्रीनशॉट भाच्याने पाहिले आणि म्हणाला, "आत्या, हे तर मूडल आहे. आमच्या कॉलेजात हेच आहे, फुकट मिळतं." ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये आणलेलं, कोणीही उतरवून घ्यावं असं सॉफ्टवेअर. ते बसवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे घेणं गैर नाही, हे मला आता कळतं. पण ‘आमचं स्वतःचं’ म्हणून माणशी लायसन्सचे पैसे लावणं आणि तीन वर्षांचे घेऊन अकरा महिन्यांत पळणं, याला मी फसवणूकच म्हणणार.

मी एकोणीस वर्षं मनुष्यबळ विभागात आहे, संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. डेमोला मालकही बसले होते, आयटी सांभाळणारा मुलगाही होता. तीन जणांचे दर मागवले, हा मधला होता. आणखी काय करायचं होतं? हो, एक करायचं होतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघायचा होता. नोंदणी रद्द झालेली होती. अकाउंट्सवाले म्हणत होते, २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेली बिलं दाखवणाऱ्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, बिल दिसत नाही, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. "रिटर्न भरायचं राहिलंय, पुढच्या महिन्यात दिसेल," हे त्याचं उत्तर मीच त्यांना जाऊन सांगितलं. बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका. तीन वर्षांचे आगाऊ तर कोणालाच देऊ नका.

मग दारं ठोठावणं सुरू झालं. सायबरच्या मदतवाहिनीवर विचारलं, "ओटीपी दिला का? लिंक दाबली का?" नाही म्हटल्यावर, मग पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात दोन तास बसवून साहेब म्हणाले, "अकरा महिने सेवा दिली ना त्याने? हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी छापून नेलं होतं, कागद हातातही घेतला नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यवसायासाठी घेतलंय, कंपनी ‘ग्राहक’ ठरणं अवघड. लघुउद्योगांच्या सरकारी पोर्टलवर गेले, तर ते विकणाऱ्याचे थकलेले पैसे मिळवून देण्यासाठी. विकत घेऊन बुडालेल्याने कुठे जायचं? जीएसटी कार्यालयात अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. चार महिने झाले, एक फोन नाही. सगळीकडे मलाच प्रश्न, की मॅडम, तुम्ही आधी बघितलं नाही का? त्याला मात्र कोणी एक प्रश्न विचारलेला नाही.

साइटचं नाव आणि होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती सर्व्हरवरची जागा) आपल्या कंपनीच्या नावावर घ्या, ॲडमिनचा पासवर्ड आपल्याकडे ठेवा. आमचं सगळं त्याच्या नावावर होतं, म्हणून १८० माणसांच्या नोंदी एका रात्रीत गेल्या. कोर्सचा बॅकअप आणि नोंदींची एक्सेल दर महिन्याला उतरवून घ्या. कोर्स स्कॉर्म या प्रमाणित फाइल-स्वरूपात करून घेतले असतील तर मूळ फाइली मागा, त्या दुसऱ्या एलएमएसवरही चालतात. आणि "हे मूडलवर आहे का?" असं तोंडावर विचारून उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

ऑडिटला तीन आठवडे उरलेत. सुपरवायझर आणि मी रोज शिफ्ट सुटल्यावर एकेका मशीनपाशी उभं राहून माणसांची पुन्हा परीक्षा घेतोय, आजच्या तारखेने, कागदावर, सहीनिशी. आजवर चौसष्ट झाले.