ऊसतोडीतली हालचाल मोजायचीय: मोबाईलचा कॅमेरा घ्यावा का अंगाला सेन्सर बांधावा?

माजलगावकडचा एक ज्युनियर परवा फोनवर विचारत होता, दादा, प्रोजेक्टला ऊसतोडीत कंबर किती वाकते ते मोजायचंय, पुढं जमलं तर कंबरेला आधार देणारा, अंगात घालायचा एक्सोसूट करायचाय, तर शूटिंग करू का हालचालीचा कोन मोजणारा सेन्सर बांधू? मी दोन्हीत हात पोळून घेतलेत म्हणून इथंच लिहितो, अजून कुणाला तरी लागंलच.

आधी मोजायचं डोकं शाबूत आहे हे बरंय. २०१५ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन न् नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठवाल्यांनी घोट्याला नुसती स्प्रिंग न् क्लच लावून चालण्याची ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपास वाचवली, मोटर नाही बॅटरी नाही, पण घोटा कोणत्या क्षणाला काय करतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कॅमेरा स्वस्त पडतो. मीडियापाइप हे गूगलचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की व्हिडिओतून अंगावरचे ३३ पॉइंट निघतात, स्टॅनफर्डचं ओपनकॅप तर दोन आयफोनवर थ्रीडी सांधे देतं, आणि माणूस मोकळा राहतो. अंगणात झकास चालतं हे. फडात मात्र बाई बुडख्याशी वाकली की पाचटात अर्धी गायब, आणि सॉफ्टवेअर गप्प बसतंय थोडंच, गुडघा सरळ उसावर ठोकून देतं. साडीवर सदरा असतो, त्यात कंबर नेमकी कुठं हे आपल्यालाच दिसत नाही. सेकंदाला ३० फ्रेमनं कोयत्याचा घाव म्हणजे नुसता पुसट पट्टा.

सेन्सरला पाचटाचं काही घेणंदेणं नाही. एक माकडहाडाच्या वरच्या हाडावर, एक पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधी, दोघांच्या कोनातला फरक म्हणजे पाठीचा बाक. वाकणं गुरुत्वाकर्षणावरून कळतं म्हणून ते टिकतं, पण डावी-उजवीकडं वळण्याचा कोन हळूहळू सरकत जातो. त्यावर उपाय म्हणून मी मॅग्नेटोमीटरवाला (होकायंत्रासारखी उत्तर दिशा धरणारा) सेन्सर मनगटाला बांधला, आणि कोयता हातात घेतल्याबरोबर त्याची उत्तर दिशाच फिरली! लोखंड ना ते. घामानं डबलटेप दुपारच्या आत निघाली ते वेगळंच, सोबत क्रेप बँडेज घेऊन जा, आणि तासाभरानं एकदा माणसाला सरळ उभं करून झिरो घेत जा, म्हणजे तो कोन शून्य धरायचा.

तर तुझ्या कामाला पाठीवरचे दोन सेन्सरच. मोबाईल बांधावर ठेव, कधी तोड, कधी मोळी बांधणं हे नंतर ओळखायला, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर सेन्सरवर तीनदा टिचकी मार म्हणजे दोन्हीच्या वेळा जुळतात. फिजिओच्या खोलीत पेशंटची चाल बघायची असती तर मी डोळे झाकून कॅमेराच म्हणलो असतो. मणक्यावर जोर किती येतो हे दोन्हीत थेट कळत नाही, निदान मोळी तरी काट्यावर वजन करून घे.

आणि परवानगी मुकादमाची घेऊन भागत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांनाही वेगवेगळं विचार. पैसे टनावर असतात, तुझ्या झिरो-बिरोत त्यांच्या जितक्या मोळ्या बुडतील तितक्याचे पैसे आधीच खिशात ठेव.