राजमला सफर: निलगिरी ताहर बघायचा असेल तर

मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान 97 चौरस किलोमीटरचं. पर्यटकांना त्यातला राजमलाचा छोटा पट्टाच खुला आहे. गाडी प्रवेशद्वारापाशी लावायची, वनखात्याच्या बसने वर जायचं आणि डांबरी रस्त्याने साधारण दीड किलोमीटर चालायचं, एवढीच सफर. आनमुडी (2695 मीटर) इथेच आहे, पण शिखरावर जाऊ देत नाहीत. ट्रेकवाल्यांची निराशा होईल. निलगिरी ताहर, म्हणजे इथली डोंगरी रानबकरी, बघायला मात्र याहून चांगली जागा नाही.

कारण इथले कळप माणसाला सरावलेत. चहा कंपनीने शिकारीसाठी राखलेलं हे रान 1971 मध्ये सरकारकडे आलं, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आसपासची गवताळ कुरणं चहा, निलगिरी आणि वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) यांच्या लागवडीखाली गेली, ही वाचली. 2025 च्या केरळ-तमिळनाडू संयुक्त गणनेत 2,600 हून थोडे जास्त ताहर मोजले गेले. त्यातले आठशेच्या वर एकट्या एरविकुलममध्ये!

सकाळचा पहिला स्लॉट ऑनलाइन घ्या. तेव्हा कळप चरत असतो. उन्हं चढली की खडकांवर बसून रवंथ करतो, दुपारनंतर धुकंही उतरतं. 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते, वाऱ्यात 10x हातात ठरत नाही. पाठीवर खोगीरासारखा रुपेरी पट्टा असलेला गडद, थोराड नर शोधा. हे खोगीर वय झालेल्या नरालाच येतं. माद्या फिकट राखाडी, शिंगं बारीक.

कळप रस्ता ओलांडत असेल तर आहात तिथेच थांबा. धोका वाटला की ताहर कड्याकडे पळतो, कारण तिथे बिबट्या किंवा रानकुत्र्याला त्याचा पाठलाग जमत नाही. फोटोसाठी कळप आणि कडा यांच्यामध्ये शिरलात तर त्याची सुटकेची वाटच बंद होते. वेफर्सचं पाकीट तर बाहेर काढूच नका. मिठाच्या ओढीने जनावर प्लास्टिकही चघळतं.

विण्याच्या हंगामात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असतं. मादीला एका वेळी सहसा एकच करडू होतं, त्यामुळे ही बंदी अगदी योग्य आहे. तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्या बघितल्याशिवाय हॉटेल ठरवू नका. एप्रिलमध्ये करडं आयांच्या मागे हिंडताना दिसतात. जून ते ऑगस्ट धो धो पाऊस. जायचंच असेल तर छत्री नको, रेनकोट न्या; इथल्या वाऱ्यात छत्री उलटते आणि तिच्या फडफडीने कळप बुजतो.