८ पोर्टचा वेब मॅनेज्ड स्विच: व्हीलॅन एकदम चोख, स्क्रीनने मात्र डोकं खाल्लं

ऑफिसचे कॉम्प्युटर, पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे एकाच स्विचवर ठेवायचेत पण एकमेकांना दिसायला नकोत, एवढ्यासाठी हा स्विच घेतला. ८ गिगाबिट पोर्ट, मेटल बॉडी, फॅन नाही म्हणून आवाजही नाही, आणि बरेच दिवस झाले चालू आहे तरी हँग झालेला नाही. हार्डवेअरबद्दल तक्रार नाहीच, सगळी मजा व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर बनवलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) सेटिंगमध्ये आहे.

ब्राउझरमधून स्विचच्या सेटिंगमध्ये गेलं की व्हीलॅनचे दोन प्रकार दिसतात, पोर्ट बेस्ड आणि ८०२.१क्यू. पहिल्याकडे बघूच नका, कारण तो फक्त त्या एका स्विचपुरता असतो, राउटरला किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटला (वायफाय देणारा डबा) त्यातलं काही कळत नाही. ८०२.१क्यू मध्ये फ्रेमला (नेटवर्कवरून जाणारं डेटाचं पाकीट) ४ बाइटचा टॅग लागतो, त्यातले १२ बिट व्हीलॅन नंबरचे, म्हणून १ ते ४०९४ पर्यंत नंबर वापरता येतात (हा स्विच एका वेळी ३२ च व्हीलॅन बनवू देतो पण छोट्या सेटअपला तेवढे कोण बनवतंय). मी १० ऑफिसला, २० पाहुण्यांना, ३० कॅमेऱ्यांना दिला. पोर्ट १ राउटरकडे, त्यावर तिन्ही टॅग्ड (म्हणजे फ्रेम टॅगसकट बाहेर जाते, अनटॅग्ड म्हणजे टॅग काढून). पोर्ट २ ला अ‍ॅक्सेस पॉइंट, १० अनटॅग्ड आणि २० टॅग्ड, कारण दोन्ही वायफाय तिथूनच जातात. ३ ते ५ कॉम्प्युटर म्हणून १० अनटॅग्ड, ६ ते ८ कॅमेरे म्हणून ३० अनटॅग्ड. इथपर्यंत सोपं आहे.

आता खरी अडचण. पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा मेंबर आहे ते एका पानावर आणि पीव्हीआयडी (पोर्टचा डिफॉल्ट व्हीलॅन नंबर) दुसऱ्याच पानावर, आणि पहिल्या पानावर सेटिंग करून अ‍ॅप्लाय दाबलं की स्विच एका शब्दाने सांगत नाही की अजून अर्धं काम बाकी आहे. पोर्टमधून बाहेर जाणारी फ्रेम टॅगसकट जाणार की टॅग काढून, ते मेंबरशिप ठरवते, आणि आत येणाऱ्या बिनटॅगच्या फ्रेमला कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं ते पीव्हीआयडी ठरवतो. म्हणजे पोर्ट ६ तुम्ही ३० मध्ये टाकला पण पीव्हीआयडी आधीचा १ च राहिला तर कॅमेऱ्याने आयपी मागितला की ती रिक्वेस्ट व्हीलॅन १ मध्ये जाते, तिथे डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) नसेल तर बिचारा कॅमेरा स्वतःच १६९.२५४ वाला कामचलाऊ पत्ता लावून बसतो आणि माणूस केबल बदलत राहतो! चांगल्या स्विचमध्ये पोर्टला अ‍ॅक्सेस मोड देऊन व्हीलॅन नंबर टाकला की दोन्ही गोष्टी आपोआप होतात, इथे ते द्यायला काय जात होतं कळत नाही.

याच्या उलटही होतं. पीव्हीआयडी ३० केला पण पोर्टला व्हीलॅन १ मधून काढलं नाही, तर कॅमेरा व्यवस्थित चालतो पण व्हीलॅन १ चे सगळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेम) त्याच्या पोर्टवर येत राहतात. सगळं चालू दिसतं म्हणून लक्षातच येत नाही, त्यामुळे हे नक्की तपासा. पोर्ट ६ ला लॅपटॉप लावा, ३० च्या रेंजमधला आयपी मिळतो का बघा, मग वायरशार्क (नेटवर्कवरच्या फ्रेम दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करून बघा की दुसऱ्या व्हीलॅनचे एआरपी (आयपी कुणाचा आहे ते विचारणारे ब्रॉडकास्ट) दिसतायत का. मेंबरशिप नीट लावल्यावर माझ्याकडे एकही दिसला नाही, त्या बाबतीत स्विचला पूर्ण मार्क.

आणि हा लेअर २ स्विच आहे, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात ट्रॅफिक तो स्वतः पाठवत नाही, हे घेण्याआधी लक्षात ठेवा. १० मधून ३० मधला कॅमेरा बघायचा असेल तर राउटरला व्हीलॅन समजायला हवेत आणि परवानगीचे नियमही तिथेच लिहावे लागतात. साधा राउटर असेल तर आधी तो बदला.

सेव्हचं बटण वेगळं आहे, अ‍ॅप्लाय केलेलं लाइट गेली की उडतं. सेव्ह करा आणि कॉन्फिगचा बॅकअप पण काढून ठेवा, कन्सोल पोर्ट (नेटवर्कशिवाय थेट केबलने सेटिंगमध्ये जायची सोय) नसल्यामुळे आपणच बाहेर लॉक झालो तर रिसेट सोडून काही इलाज नाही.

मला सगळ्यात खटकलं ते म्हणजे मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे स्विचचं लॉगिन पान कुठल्या व्हीलॅनमधून उघडावं ते, निवडायची सोयच नाही. पाहुण्यांच्या व्हीलॅनमधल्या पोर्टला लॅपटॉप लावून हाताने स्विचच्या रेंजमधला आयपी टाकला तर लॉगिनचं पान सरळ उघडतं, तेही साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड एन्क्रिप्ट न होताच जातो. घरी किंवा कुलूपबंद रॅकमध्ये लावणार असाल तर पासवर्ड मोठा ठेवा आणि बिनधास्त घ्या, पण जिथे कुणीही येऊन भिंतीतल्या पोर्टला केबल लावू शकतो अशा जागी हा लावू नका, तिथे मॅनेजमेंट व्हीलॅन आणि एचटीटीपीएस दोन्ही असलेलाच स्विच बघा.