लेहला घेतलेला ऑक्सिजन कॅन – ५ पैकी २ स्टार

मे महिन्यात आईला घेऊन लडाखला गेलेलो, तेव्हा लेहच्या मार्केटमधनं १० लिटरवाला ऑक्सिजन कॅन घेतला. वजनाला अगदी हलका, मास्क नीट बसतो, आईलाही दाबायला जमला, त्याचे दोन स्टार. पण ज्या भरवशावर आपण तो घेतो तो भरवसा चुकीचा आहे.

झालं असं की डोंबिवलीतनं निघालो, दिल्लीला फ्लाइट बदलून सकाळी सकाळी लेह, म्हणजे एकदम साडेतीन हजार मीटरवर. टूरवाल्याने त्याच दुपारी साइटसीइंग ठेवलेलं (नाव घेत नाही) आणि वर सांगितलेलं की कॅन जवळ ठेवा, काही होत नाही. संध्याकाळी आईचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली, जेवण नको म्हणाली. ऑक्सिमीटरवर ८१. कॅन लावला तर दोन मिनिटांत ९३, आम्हाला हायसं वाटलं, दहा मिनिटांनी परत ८२. असे दोन कॅन संपवले. नुसता बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, मग १० लिटर पुरणार किती वेळ?

रात्री हॉस्पिटलला नेलं. फुप्फुसात पाणी झालेलं नाही हे तपासलं, दोन-तीन तास सिलिंडर लावला आणि डॉक्टर म्हणाले दोन दिवस पलंगावरून हलायचं नाही. त्यांनीच समजावलं की इथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात मिळतो तो मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश, आणि खारदुंगला खिंडीत जवळपास निम्मा. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो, तो कॅनमध्ये भरून मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी आई स्वतःहून चहा मागायला लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पँगाँग तलावाचा मुक्काम रद्द केला, तो जवळपास सव्वाचार हजार मीटरवर आहे.

कॅन घ्या, पण पहिले दोन दिवस लेहमध्ये झोपून काढा, डायमॉक्सचं (उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी) घरूनच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. आणि बसल्या जागी दम लागला, खोकला सुटला, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर कॅन हुंगत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, वर असाल तर त्याच क्षणी खाली उतरायला लागा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.