वायरचं ड्रिल की बॅटरीचं? चवथीआधी मशीन घेणाऱ्यांसाठी

मी फोंड्याकडे वायरिंगची कामं करतो. गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर आली की ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, ड्रिल घ्यायचंय, वायरचं घेऊ की बॅटरीचं? माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, तिच्या हुकांसाठी भोकं पाडायची असतात, मखरामागे लाइट लावायची असते, गेटचा गंज घासायचा असतो. आणि हे सगळं भर पावसात, भिंतींनी ओल धरलेली असताना. दुकानात किंमत आणि वॉट सांगतात. मी आधी विचारतो, मशीन हातात धरून उभे कुठे राहणार?

असं विचारायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच बाल्कनीत मी एक जुनं, लोखंडी बॉडीचं ड्रिल चालवत होतो. दोन पिनांच्या बोर्डात बसावं म्हणून त्याची अर्थिंगची जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली. माझे पाय अनवाणी, लादी ओली. ट्रिगर दाबला आणि मूठ मशीनवर आवळली गेली ती सुटेचना. ओरडलो तशी आई आत धावली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. तोपर्यंत एमसीबी, म्हणजे बोर्डातला जादा लोडला आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता, आणि तो पडणारही नव्हता. १६ अँपिअरचा एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव मात्र अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजायच्या करंटनेही जाऊ शकतो. तिथे लागतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. घरात तो नसेल तर वायरचं मशीन घेण्याआधी तो बसवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बसवलेला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघा.

आता मिळणारी वायरची ड्रिल बहुतेक प्लॅस्टिक बॉडीची असतात. प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर इन्सुलेशन दुहेरी आहे, मग दोनच पिना असल्या तरी चालतं. पण आत पाणी गेलं की त्या दुहेरी इन्सुलेशनचा भरवसा संपला. शिवाय एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या लादीवर पडलेला असतोच.

बॅटरीच्या ड्रिलमध्ये हा सगळा प्रश्न निघून जातो. १२ किंवा १८ व्होल्ट, भिंतीपासून मशीनपर्यंत वायर नाही, शिडीवर पायात काही गुंतत नाही. चिऱ्याच्या भिंतीला ते पुरेसं आहे. चिरा, म्हणजे जांभा दगड, मऊ असतो, हॅमर (ठोके देत फिरायची सोय) बंद ठेवून साधं फिरवलं तर भोक नीट पडतं. हॅमर लावला तर कडा ढासळतात आणि स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी सैल बसते. स्लॅबला मात्र हॅमर लागतोच, आणि तिथे लहान बॅटरी ड्रिल रडतं. भिंतीत लपलेल्या वायरचा धोका दोन्ही मशीनना सारखाच आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. पाडावंच लागलं तर आधी मेन बंद करा. बॅटरीचं ड्रिल तेव्हाही चालतं, हा त्याचा मोठा फायदा.

पण बॅटरीवाल्याची एक खोड आहे. वायरचं मशीन प्लग काढला की मेलं. बॅटरीचं मशीन बॅगेत पडलेलं असतानाही जिवंत असतं. बिट बदलताना चुकून ट्रिगरवर बोट गेलं की ते फिरणारच. म्हणून बिट बदलायच्या आधी बॅटरी काढा, आणि घरात मुलं असतील तर मशीन एका कपाटात, बॅटरी दुसऱ्यात.

ग्राइंडरचं गणित वेगळं. इथे खरी भीती शॉकपेक्षा चकतीची. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. बॅटरी असो की वायर, तुटलेला तुकडा त्याच वेगाने डोळ्याकडे येतो. बॅटरीचं म्हणून सुरक्षित, असं समजून चकतीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढणारी माणसं मी बघितली आहेत. लाकूड कापायला ग्राइंडरवर दातेरी पातं लावणं तर कुणीच करू नये. ते फणसाच्या लाकडात अडकलं की मशीन उलट उसळतं आणि समोर चालवणाऱ्याचंच अंग असतं. शिवाय १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॉट-अवर. ६०० वॉटच्या ओढीला ती चार मिनिटंही पुरत नाही. एका गेटसाठी ग्राइंडर विकत घेऊ नका, फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा.

रोजच्या धंद्यासाठी घेत असाल तर ग्राइंडर वायरचाच घ्या, पण हात सुटला की बंद पडणाऱ्या स्विचचा. सरकवून अडकवायचा स्विच स्वस्त पडतो, मात्र मशीन हातातून निसटलं तरी चकती फिरतच राहते. केबल तीन कोअरची, १.५ स्क्वेअर एमएम. रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते. परांचीवर मात्र ड्रिल बॅटरीचंच द्या.

सगळ्यात अवघड जागा टाइल्स कापायची. कोरडी कापली तर उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, पाणी सोडून कापली तर पाणी आणि २३० व्होल्ट एकाच हातात येतात. मी पाणी सोडूनच कापायला सांगतो, पण त्यासाठीच बनवलेल्या मार्बल कटरने, आरसीसीबीच्या लाइनवर, पायात रबरी बूट, डोळ्यांना गॉगल आणि तोंडावर एन-९५ मास्क घालून. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ती बारीक धूळ आरपार जाते.

घरासाठी एकच मशीन घ्यायचं असेल तर माझं मत बॅटरीच्या ड्रिलला. वायरच्या ड्रिलपेक्षा ते महाग पडतं, दुसरी बॅटरी घेतली की आणखी. माटोळीची स्लॅबमधली चार भोकं एकदाच, हॅमर मशीनवाल्या मिस्त्रीकडून पाडून घ्या आणि हूक कायमचे बसवून ठेवा.